पाण्याचें ओझें

वस्ती कोठें करावी हें मनुष्यानें ठरवावें आणि ती तेथें टिकूं द्यावी कीं नाहीं हें पाण्यानें ठरवावें, अशी फार जुनी वाटणी आहे. नदीकांठचीं नगरें, विहिरीभोंवतालचीं खेडीं आणि कातळांत टाकीं खोदून वसविलेले डोंगरी किल्ले हे सर्व या वाटणीचे साक्षी होत. घरोघर नळ आला आणि शहरांतील मनुष्यास तिचा विसर पडला. तोटी फिरवावी आणि पाणी यावें, यांत त्याला सूर्योदयापेक्षां अधिक नवल वाटेनासें झालें. पाणी ही वाहून आणावी लागणारी वस्तु आहे, तिला वजन आहे, आणि तें वजन कोणी तरी कोठें तरी पेलीत असतें, ही गोष्ट पुस्तकें वाचून पुरती कळत नाहीं. आम्हांस ती कळली ती वयाच्या ५१ व्या वर्षीं, अमेरिकेंत, चाकांवरच्या एका घराखालीं उताणें पडल्यावर.

या चाकांवरच्या घरास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. मोटारीच्या मागें जोडून ओढून न्यावयाची ही एक लांबट खोली. तींत निजावयास पलंग, स्वयंपाकास शेगडी, शीतपेटी, न्हाणी आणि शौचकूप अशी सर्व सोय असते. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांतच या घरांची तिकडे चलती झाली. वॉली बायम यानें १९३६ सालीं काढलेला 'क्लिपर' नांवाचा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर स्वतःचें पाणी स्वतःबरोबर नेत असे, आणि त्याची कीर्ति त्या मंडळींत अद्याप गाइली जाते. अशा घराच्या पोटाखालीं बहुधा तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडीं घासलेल्या व अंग धुतलेल्या पाण्याची, आणि तिसरी शौचकूपाची. दुसरीस तिकडे करडी व तिसरीस काळी म्हणण्याची चाल आहे. आपल्या घरांत पाणी एका बाजूनें गुपचुप येतें आणि दुसऱ्या बाजूनें गुपचुप जातें. येथें त्याचा सर्व जमाखर्च भिंतीवरील दिव्यांच्या एका लहान पाटीवर मांडलेला असतो. मुक्कामाच्या जागीं नळ असेल तर त्याला रबरी नळी जोडून काम भागतें. नसेल तेथें टाकींतील पाणी बारा व्होल्टच्या एका चिमुकल्या पंपाच्या जोरावर तोटीपर्यंत चढतें. टाकी रिकामी झाली कीं मुक्काम संपला, असा हा सरळ कारभार आहे.

आम्ही ज्या ट्रेलरांत राहिलों तो आमच्या वडील बंधूंचा. त्यांना आम्ही दादा म्हणतों. दादा १९८४ सालीं अभियंता होऊन तिकडे गेले ते तिकडचेच झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनीं कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम टोंकास ग्रँड जंक्शन या गांवीं घर घेतलें, आणि दुसऱ्याच्या हातचा एक जुना ट्रेलर आणून घराच्या बाजूस उभा केला. २०२३ सालच्या जून महिन्यांत आम्ही त्यांच्याकडे गेलों तें दोन कामांसाठीं. एक तर पुष्कळ वर्षांत निवांत भेट नव्हती. दुसरें असें कीं, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतील आमची वडिलोपार्जित जमीन आणि तिच्याबरोबर सामाईक विहिरींतील आमचा हिस्सा विकून टाकावा, असें आम्हां भावंडांत ठरत आलें होतें, व त्याच्या कागदांवर दादांची सही हवी होती. कागद आमच्या पेटींत होते. दादा त्यांविषयीं अवाक्षर काढीत नव्हते. आम्हीं विषय काढला तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "अरे, आधीं चार दिवस बाहेर फिरून येऊं. कागद कुठें पळतात?"

त्याप्रमाणें दादा, वहिनी आणि आम्ही असे तिघे निघालों. ग्रँड जंक्शनहून सुमारें शंभर मैलांवर यूटा राज्यांत ग्रीन रिव्हर नांवाचें लहानसें गांव नदीकांठीं आहे. तें कलिंगडांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु त्यांचा हंगाम अजून यावयाचा होता. येथें एका पेट्रोलपंपावर दादांनीं स्वच्छ पाण्याची टाकी कांठोकांठ भरून घेतली, कारण पुढें जेथें जावयाचें तेथें पाण्याचा थेंब नव्हता. त्या बाजूची कित्येक मैल ओसाड जमीन मध्यवर्ती सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे. तीवर सामान्यतः चौदा दिवसपर्यंत कोणीही मुक्काम करावा. सरकार जागा देतें, पाणी ज्याचें त्यानें आणावें.

टाकी भरेपर्यंत आम्ही तेथील जॉन वेस्ली पॉवेल याच्या नांवाचें संग्रहालय पाहून आलों. आम्ही इतिहास शिकवितों, तेव्हां हा गृहस्थ आम्हांस नांवानें ठाऊक होता. पण त्याचा प्रदेश डोळ्यांपुढें असतां त्याची थोरवी निराळीच भासली. यादवी युद्धांत १८६२ सालीं शायलोच्या लढाईंत जखमी होऊन त्याचा एक हात गेला होता. त्या एकाच हातानिशीं तो १८६९ सालीं नऊ सोबती आणि चार नावा घेऊन ग्रीन व कोलोरॅडो या नद्यांतून ग्रँड कॅन्यनच्या पार गेला. परंतु याहून त्याचें मोठें साहस कागदावरचें होतें. १८७८ सालीं त्यानें सरकारास एक अहवाल सादर केला. त्याचें म्हणणें असें कीं, शंभराव्या रेखांशाच्या सुमारास अमेरिकेचे दोन भाग पडतात. त्याच्या पश्चिमेस बहुतेक ठिकाणीं वर्षाचा पाऊस वीस इंचांहून कमी, तेव्हां पाटपाण्यावांचून तेथें शेतीची शाश्वती नाहीं. यासाठीं तिकडील जमीन चौकोनी पट्ट्या आंखून वांटूं नये. पाणी कोठें व किती आहे तें पाहून तिच्या सीमा ठरवाव्या. ही सूचना कायदेमंडळास रुचली नाहीं. परत येतांना आम्हीं हें सर्व दादांना सांगितलें. माण तालुक्यांतही पाऊस वीस इंचांच्या आसपासच पडतो. दादा हसून म्हणाले, "हा साहेब दहिवडीला आला असता तर आपल्या कुठल्याही म्हाताऱ्यानें हें त्याला ओसरीवर बसून सांगितलें असतें."

गांव सोडून पुढें गेल्यावर आम्हीं डांबरी सडक सोडली आणि सॅन राफेल स्वेल या खडकाळ टापूंतील मातीच्या रस्त्यास लागलों. रस्ता रुंद आणि सपाट. पण त्याच्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या बारीक वळ्या पडलेल्या. मोटार हळू न्या कीं जलद न्या, त्या वळ्या तिला थरथरवीत राहतात. त्या रस्त्यानें दीड तास गेल्यावर मुक्कामाची जागा आली. समोर लाल-पिंवळ्या कातळांची खोल दरी, आणि चहूंकडे इतकी शांतता कीं आपल्या कानांतील रक्ताचा आवाज ऐकूं यावा. दादांनीं चाकांना ठोकळे लाविले. वहिनींनीं चहासाठीं तोटी फिरविली. पंप घरघरला, तोटींतून दोन उचक्या आल्या, आणि मग नुसती हवा.

आम्ही खालीं वांकून पाहिलें. ट्रेलरच्या तळास धूळ-दगडांपासून संरक्षण म्हणून प्लॅस्टिकचा एक पोकळ पत्रा मारलेला असतो. तो गाभण म्हशीच्या पोटासारखा लोंबत होता आणि त्याच्या कडेनें शेवटचे थेंब गळत होते. मागें ज्या वाटेनें आलों तीवर लाल मातींत एक काळसर रेघ उमटली होती. जवळचा तिचा भाग ओला होता, त्यापलीकडचा वाळतही आला होता. चार दिवसांचें पाणी आम्हीं त्या रस्त्यास पाजून आलों होतों.

जिवावर बेतण्यासारखें कांहीं नव्हतें. अभियंत्याच्या स्वभावाप्रमाणें दादांनीं सात-सात गॅलनांचे दोन डबे निराळे भरून आणिले होते. म्हणजे सुमारें ५३ लिटर पाणी हातीं होतें. परंतु अंधार पडत आला होता आणि त्या रस्त्यानें रात्रीं परत फिरणें धोक्याचें होतें. तेव्हां तेथेंच रात्र काढून सकाळीं निघावें असें ठरलें. तत्क्षणीं घराचा सर्व कारभार वहिनींच्या हातीं गेला. त्यांनीं एक डबा उद्यांच्या वाटेसाठीं म्हणून बाजूस ठेविला व त्यास कोणी हात लावूं नये असें बजाविलें. दुसऱ्यांतून भाताला किती, प्यावयास किती, हें तांब्यानें मापून दिलें. ताटें कागदानें पुसलीं. डाळ धुतलेलें पाणी शौचकूपासाठीं राखलें. "भावोजी, तोंड धुवायला हें एवढेंच," असें म्हणून त्यांनीं आमच्या हातीं एक वाटी दिली. अमेरिकेंतील मनुष्य आपल्या घरांत दिवसाला सरासरी ३०० लिटर पाणी वापरतो. आपल्याकडील जल जीवन मिशननें २०१९ सालीं खेड्यांतील माणसासाठीं ५५ लिटरांचें माप धरलें. त्या रात्रीं आम्हां तिघांचें मिळून वीस लिटरांत सुखानें भागलें. चाळीस वर्षें नळाखालीं राहिलेल्या बाईच्या हातांत हें माप इतक्या लौकर परत कोठून आलें, याचें आम्हांस आश्चर्य वाटलें.

तें आश्चर्य आम्हीं बोलून दाखविलें, आणि त्यावरून दादांनीं १९७२ सालच्या दुष्काळाची गोष्ट काढली. त्या वर्षीं ते तेरा वर्षांचे होते. आम्ही पाळण्यांत होतों. माणगंगेच्या कोरड्या पात्रांत वाळू उकरून झरा काढावयाचा, तो पाझरेपर्यंत वाट पाहावयाची, आणि वाटीवाटीनें कळशी भरावयाची, हें त्यांचें रोजचें काम. विहिरीनें तळ दाखविला होता. तरी पहाटेपर्यंत तिच्यांत थोडें पाणी सांचे. तें सहा घरांचें होतें. प्रत्येक घराची पाळी ठरलेली होती, आणि पाळीच्या वेळीं दुसऱ्या घराचें कोणी विहिरीजवळ उभेंही राहत नसे. "कळशी डोक्यावर घेतली कीं पहिल्यांदा हलकी वाटते," दादा म्हणाले. "ओढा ओलांडला कीं मान बोलायला लागते. घरीं येईपर्यंत पाण्याचा प्रत्येक घोट ठाऊक झालेला असतो." ही हकीकत आम्हीं वडिलांच्या तोंडून अनेकदां ऐकली होती. दादांच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकिली.

ग्रँड जंक्शनला परत आल्यावर शस्त्रक्रियेस आरंभ झाला. ट्रेलर सपाट जागीं घेऊन त्याला घोड्यांवर उचलून धरलें. तळाचा पत्रा सोडविला, टाकीखालीं फळी आणि फळीखालीं जॅक लावून टाकी अलगद उतरविली. दादा ६४ वर्षांचे. पाठीवर सरपटत आंत जात आणि एकेक पाना मागत. आम्हांस त्यांच्या बाजूस पडून विजेरी धरण्याचें काम मिळालें होतें, व तें आमच्या विद्येस साजेसें होतें.

कारण शोधावयास वेळ लागला नाहीं. टाकी ४० गॅलनांची, म्हणजे १५१ लिटरांची. पाण्याच्या लिटरास एक किलो, हा हिशेब शाळेंतील पोरासही येतो. म्हणजे भरलेल्या टाकींत १५१ किलो ओझें, दोन दांडगे पुरुष निजवावे इतकें. हें ओझें पातळ लोखंडाच्या दोन पट्ट्यांवर टांगलेलें होतें, आणि पट्ट्या चार बारीक स्क्रूंनीं चौकटीस मारलेल्या होत्या. रिकामी टाकी दहाबारा किलोंची; तिला हा आधार पुरून उरला असता. रस्त्याच्या थरथरीनें एका कोंपऱ्याचा स्क्रू निसटला, टाकी कलली, तिच्या कुशींतून निघणारी नळी मात्र जागच्या जागीं ताठ राहिली, आणि त्या ओढाताणींत नळीचा सांधा मुरगळून त्याच्याजवळ चार बोटें लांब चीर पडली. फुटली ती टाकी. पण दोष टाकीचा नव्हता. ज्या कारखान्यांत तो ट्रेलर झाला त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. तेथें कोणीं तरी रिकामी टाकी हातांत घेऊन तिचा आधार ठरविला होता, एवढें स्पष्ट दिसत होतें.

पाण्याचें वजन न मोजण्याची ही संवय एका कारखान्याची नव्हे. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. वर्तमानपत्रांत तो आंकडा वाचतांना तो केवढा वाटला! तेंच पांचशें टन असें लिहिलें असतें, तर एका शहराची एक वेळची तहान भागविण्यास केवढें ओझें ओढावें लागतें, हें अधिक लवकर ध्यानांत आलें असतें.

उलट, ज्यांना पाणी अडवून शत्रूस तोंड द्यावें लागे ते या बाबतींत फार सावध होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत रामचंद्रपंत अमात्यांच्या हातून सिद्ध झालेल्या आज्ञापत्रांत दुर्गांचें प्रकरण आहे. त्यांत सांगितलेला क्रम असा कीं, गडावर प्रथम पाणी पाहावें आणि मग गड बांधावा. पाणी नसून ती जागा सोडतां येत नसेल, तर आधीं खडक फोडून सर्व गडास पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल अशीं मजबूत टाकीं करावीं. झरा असला तरी त्यावर विसंबूं नये. झुंजाच्या वेळीं तोफांच्या आवाजानें झरे कमी होतात. आम्हीं हें प्रकरण वर्गांत अनेक वर्षें शिकविलें आहे. विजेरी धरून पडलों असतां तें आम्हांस प्रथमच गवंड्याच्या दृष्टीनें दिसलें. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकीं कातळांत आहेत. पर्वतच त्यांचा आधार आहे. ट्रेलरवाल्यानें आधीं पलंग, शेगडी व खिडक्या मांडल्या आणि उरलेल्या जागेंत पाणी टांगलें.

आतां प्रश्न असा आला कीं, जुनी टाकी दुरुस्त करावी कीं नवी आणावी. दादांचा कल दुरुस्तीकडे होता. त्यांत पैशाचा लोभ नव्हता. फुटलेली वस्तु न पाहतां टाकून देणें त्यांच्या पिढीस जमत नाहीं. पण दुरुस्तीचे मार्ग वस्तूच्या जातीवर अवलंबून असतात. तांब्याच्या घागरीस तांबट डाख लावतो, कातड्याच्या पखालीस चांभार टाका घालतो, मातीच्या रांजणास उपायच नाहीं. ही टाकी पॉलिएथिलीन नांवाच्या प्लॅस्टिकची. या द्रव्याचा गुण असा कीं, त्यास जवळजवळ कशाचाच पाश लागत नाहीं. रसायनांचे डबे त्याचे करतात तें त्यामुळेंच, आणि कोणताही डिंक वा लुकण त्यावर ठरत नाहीं तेंही त्यामुळेंच. मैल्याच्या टाक्या पुष्कळदां दुसऱ्या एका प्लॅस्टिकच्या असतात. त्या द्रावणानें विरघळवून जोडतां येतात. येथें तो उपाय चालत नाहीं. पॉलिएथिलीनला पॉलिएथिलीनच हवें आणि तेंही उष्णतेनें एकजीव केलेलें.

दादांनीं प्रथम चिरेच्या दोन्ही टोंकांस बारीक भोंकें पाडलीं. चीर पुढें धांवते ती तिच्या अणकुचीदार टोंकानें. टोंक गोल केलें कीं ती थांबते. मग चीर खरवडून तिची खांच केली, आणि त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी तापल्या लोखंडानें वितळवून त्या खांचेंत भरली. कांडी आणि टाकीची भिंत दोन्ही एकाच वेळीं मऊ व्हावयास हवीं. एकच वितळली तर वरून सांधा दिसतो, आंतून नसतो. दोन दिवस हें काम चाललें. वहिनी येऊन पाहत आणि कांहीं न बोलतां आंत जात. शेवटीं त्या म्हणाल्या, "अहो, वहाण शिवून घालावी. पिण्याच्या पाण्याला ठिगळ कशाला?" दादा म्हणाले, "आई घागरीला डाख लावून आणायची. तेंच पाणी आपण प्यालों." वहिनींनीं उत्तर दिलें, "घागर रोज घासायला हातांत यायची. ही पत्र्याआड जाणार." हें उत्तर आम्हांस तर्कशास्त्राच्या पुस्तकांत घालण्यासारखें वाटलें. जी वस्तु रोज डोळ्यांपुढें असते तिच्या दुरुस्तीवर भरंवसा ठेवतां येतो, कारण ती रोज तपासली जाते; जी नजरेआड राहावयाची ती आरंभींच निर्दोष हवी.

निकाल पाण्यानें दिला. टाकी फळ्यांवर ठेवून भरली, तिच्याखालीं कोरडा कागद पसरला आणि दिवसरात्र तशीच राहूं दिली. दुसऱ्या दिवशीं चिरेखालचा कागद कोरडा होता; दादांचा डाख उत्तम बसला होता. परंतु नळीच्या सांध्याखालीं रुपयाएवढा ओला डाग होता. पीळ बसल्यानें तेथें केसासारखी चीर आंतून गेली होती, आणि तेथें लोखंड पोहोंचण्यास जागा नव्हती. दादांनीं तो डाग बराच वेळ पाहिला आणि नवी टाकी मागविण्यासाठीं मापें घ्यावयास सुरुवात केली.

नव्या टाकीची लांबी, रुंदी, उंची आणि भोंकांच्या जागा कळविल्या म्हणजे त्याप्रमाणें ती मिळते. पिण्याच्या पाण्यास लागणाऱ्या वस्तूंसाठीं तिकडे एन. एस. एफ. ६१ म्हणून प्रमाण आहे, तें पाहून ती घेतली. बसवितांना मात्र दादांनीं कारखान्याचा क्रम उलटविला. टाकी येण्याच्या आधीं तिची बैठक तयार केली. पट्ट्यांच्या जागीं लोखंडी कोनांचे चार आडवे दांडे, स्क्रूंच्या जागीं चौकटीच्या आरपार जाणारे बोल्ट, दांड्यांवर टाकीच्या सबंध तळाएवढी फळी, आणि फळीवर रबर. नळ्याही ताठ न ठेवतां लवचिक घेतल्या, म्हणजे टाकी हलली तरी सांध्यावर ओढ येऊं नये. टाकीच्या माथ्यावर हवेसाठीं एक बारीक नळी असते. ती तुंबली तर भरतांना टाकी फुगते आणि पंप ओढूं लागला कीं तिचे गाल आंत जातात. पाणी जेवढें बाहेर जाईल तेवढी हवा आंत यावी लागते. श्वास कोंडून कोणतेंही भांडें फार दिवस देत नाहीं. ती नळीही दादांनीं नवी घातली. मग १५ गॅलनांस पाव कप या मानानें साधें ब्लीच पाण्यांत मिसळून टाकी व सर्व नळ्या भरून ठेविल्या. तें पाणी रात्रभर मुरवून दुसऱ्या दिवशीं वास जाईपर्यंत धुऊन काढावयाचें होतें.

जुनी टाकी फेंकली गेली नाहीं. दादांनीं ती मुरगळलेला सांधा वर येईल अशी उपडी करून पागोळ्यांच्या नळाखालीं, बागेच्या पाण्यासाठीं ठेविली. हें करण्यास कायद्याची परवानगी लागते, हें ऐकून वाचकांस आमच्याप्रमाणेंच नवल वाटेल. कोलोरॅडोंत पाण्यावर हक्क आधीं वापरणाराचा. जो आधीं आला त्याचा पहिला. छपरावर पडलेला पाऊससुद्धां खालच्या कोणा जुन्या हक्कदाराचा, या न्यायानें तो सांठविण्यास सामान्य घरवाल्यास मनाई असे. २०१६ सालच्या कायद्यानें दोन पिंपें आणि मिळून ११० गॅलन एवढी मोकळीक मिळाली. आम्ही म्हणालों, हा न्याय कठोर आहे. दादा म्हणाले, "कठोर आहे; पण पाणी कोणाचें तरी आहे, हें त्यांना ठाऊक आहे."

त्याच संध्याकाळीं, टाकी मुरत असतां, त्यांनीं आमचे कागद मागितले. चष्मा लावून एकूणएक वाचले. जमिनीच्या कागदांवर त्यांनीं सह्या केल्या. विहिरीच्या हिश्श्याचा कागद बाजूस ठेविला. आम्हीं सांगावयाचें तें सर्व सांगितलें. गिऱ्हाईक दोन्ही मिळून घेणार. जमिनीवांचून विहिरीचा हिस्सा निरुपयोगी. आपण तेथें पाणी काढावयास जाणार नाहीं. दादांनीं सर्व शांतपणें ऐकिलें. मग म्हणाले, "जमीन मीं कधीं कसली नाहीं. तिच्यावर माझा हक्क कागदाचा, कागदावर दिला. त्या विहिरीचें पाणी मीं वाहिलेलें आहे. तें मला विकतां येणार नाहीं." वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

या एका सहीमुळें व्यवहारास अडचण आली. गिऱ्हाइकानें किंमत पाडली. इतर भावंडांनीं आम्हांस दोष दिला कीं समजावून सांगावयास गेलेला मनुष्य स्वतःच समजून परत आला. आणि जो तोटा झाला तो आमच्याही वांट्यास आला. दादांचें वागणें शहाणपणाचें होतें असें ठरविण्याचा आमचा आग्रह नाहीं. परंतु पाणी वाहिलेल्या मनुष्याचें आणि पाणी मिळालेल्या मनुष्याचें गणित एक नसतें, एवढें आम्ही त्या पंधरवड्यांत शिकलों. आणि दोघांचा जन्म एकाच घरांत झाला असला तरी तीं गणितें एकमेकांस पटवून देतां येत नाहींत, हेंही शिकलों. टाकीखालीं पडून आम्हीं पाण्याचें ओझें पाहिलें. दादांनीं तें डोक्यावर घेतलेलें होतें.

व्यवहार पुढें कमी किंमतींत पुरा झाला. जमीन दुसऱ्याच्या नांवें लागली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत मात्र विहिरीच्या सहाव्या हिश्श्यांतील दादांचा भाग त्यांच्या नांवें अजून लिहिलेला आहे. ती नोंद ज्या रकान्यांत आहे त्यास सरकारी भाषेंत 'इतर हक्क' म्हणतात. आधीं जमीन, मग मालक, आणि सरतेशेवटीं 'इतर' म्हणून पाणी. अमात्यांस हा क्रम मान्य झाला नसता.